कानाला एक, डोळ्याला दोन

'स्टेशनरी' हा शब्द देवनागरीत एकाच तऱ्हेनं लिहिता येतो. रोमन लिपीत मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. शेवटी ए-आर-वाय असेल तर अर्थ होतो स्थिर, जागचं न हलणारं. शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या, कागद, पाकिटं. उच्चार दोन्हींचा तोच. त्यामुळे बोलताना कुणाचंच काही बिघडत नाही, बिघडतं ते लिहिताना. आणि हे बिघडलेलं संगणकाच्या लाल रेघेलाही सापडत नाही, कारण ती रेघ शब्दकोशात नसलेल्या शब्दाखाली उमटते. इथे शब्द शब्दकोशातलाच असतो, त्याचं स्पेलिंगही बिनचूक असतं. तो त्या वाक्यातला नसतो, एवढंच.

माझं काम मुद्रितशोधनाचं. मराठी मजकूर येतो तसा इंग्रजीही येतो. टंकनाच्या साध्या चुका पहिल्याच वाचनात डोळ्यांना खुपतात. या सारख्या उच्चारांच्या चुका तशा खुपत नाहीत. आपण वाचताना शब्द मनातल्या मनात ऐकत असतो आणि कानाला ते वाक्य अगदी बरोबर लागतं. कान म्हणतो, ठीक आहे, चल पुढे. या शब्दांशी इतका काळ गाठ पडत आल्यावर माझं एक पक्कं मत झालं आहे: जोड्या पाठ करत बसण्यापेक्षा त्या दोन शब्दांचं नातं काय आहे ते बघावं. काही जोड्या सख्ख्या भावंडांच्या असतात. शब्द एकच होता, पुढे त्याची दोन घरं झाली. काहींचा मात्र एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. शतकानुशतकं उच्चार झिजत गेले आणि दोन परके शब्द एकसारखे ऐकू यायला लागले. गोंधळ दोन्हीकडे होतो, पण तो सोडवण्याची रीत निरनिराळी आहे.

स्टेशनरीची जोडी सख्खी. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'स्टेशनॅरियस'वरून आले. त्याचा अर्थ ठाण मांडून बसलेला. आपलं 'ठाण' आलं 'स्थान'वरून, आणि 'स्थान'मधला 'स्था' धातू व लॅटिनमधला 'स्टा' ही मुळात एकच गोष्ट. मध्ययुगीन युरोपात कितीतरी विक्रेते फिरते असत, माल पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणारे. ज्याचं एका जागी पक्कं दुकान असे तो स्टेशनर. अशी पक्की दुकानं विद्यापीठांच्या आसपास असत, पुस्तकं विकणाऱ्यांची आणि पुस्तकांच्या नकला करवून देणाऱ्यांची, म्हणून स्टेशनर म्हणजे पुस्तकवाला हा अर्थ रुळला. लंडनमध्ये या व्यावसायिकांचा संघ १४०३ साली स्थापन झाला आणि १५५७ साली त्याला राजसनद मिळाली. स्टेशनर विकतो ती स्टेशनरी. बेकरची बेकरी, तशी स्टेशनरची स्टेशनरी, म्हणून तिथे 'ई'. आणि 'ऑर्डिनरी', 'टेंपररी', 'इमॅजिनरी' ही विशेषणं ए-आर-वायनं संपतात, म्हणून स्थिर या अर्थाच्या विशेषणातही 'ए'. एकदा दुकानदार डोळ्यांसमोर उभा राहिला की वेगळं काही लक्षात ठेवावं लागत नाही.

मला या सख्ख्या जोड्यांमध्ये सर्वांत आवडते ती 'डिस्क्रीट'ची. एका स्पेलिंगमध्ये दोन 'ई' शेजारी शेजारी बसतात आणि शेवटी 'टी' येतो. अर्थ: जपून वागणारा, कुठे काय बोलावं याचं भान असलेला. दुसऱ्यात 'ई' आणि 'ई' यांच्या मधोमध 'टी' उभा असतो. अर्थ: सुटंसुटं, एकमेकांपासून वेगळं. गणितात 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' म्हणतात ते हे दुसरं. दोन्हींचं मूळ लॅटिनमधलं 'डिस्क्रेटुस', म्हणजे वेगळं केलेलं. वेगळं करण्याचा आणि शहाणपणाचा काय संबंध, असं इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल. मराठी वाचणाऱ्याला वाटायचं कारण नाही. आपला 'विवेक' कुठून आला? 'वि' उपसर्ग आणि 'विच्' धातू, म्हणजे वेगळं करणं. दूध आणि पाणी निराळं करतो तो नीरक्षीरविवेक. वेगळं करता येणं म्हणजेच तारतम्य, असं आपल्या भाषेनंही मानलं. इतकंच काय, याच धातूपासून 'विविक्त' झाला, ज्याचा अर्थ वेगळा केलेला, एकांतातला. म्हणजे विवेक आणि विविक्त यांचं जे नातं, तेच त्या दोन डिस्क्रीटांचं. हे कळल्यावर 'टी' कुठे लिहायचा हा प्रश्नच उरत नाही. सुटंसुटं म्हणायचं असेल तर दोन 'ई' सुटे करायचे, 'टी' मध्ये घालायचा. एका गोष्टीला मात्र जपायला हवं: जपून वागण्याचं भाववाचक नाम 'डिस्क्रिशन', आणि त्यात ती 'ई'ची जोडी नसते. तिथे हात हमखास अडखळतो.

'कॉम्प्लिमेंट'चंही असंच. मधे 'ई' असलेला शब्द पूर्णत्वाचा. तो 'कम्प्लीट'चा भाऊ. ज्या दोन कोनांनी मिळून नव्वद अंश पुरे होतात, ज्यांना आपण भूमितीत कोटिकोन म्हणतो, त्यांच्या इंग्रजी नावात हा 'ई' असतो. मधे 'आय' असलेला शब्द स्तुतीचा. पण मूळ एकच, लॅटिनमधली 'भरणं, पुरं करणं' ही क्रिया. तिची एक वाट स्पॅनिश, इटालियन आणि मग फ्रेंच अशी फिरून इंग्रजीत आली. त्या फेऱ्यात अर्थ झाला शिष्टाचाराची पूर्तता, म्हणजे भेटल्यावर जे चार चांगले शब्द बोलायचे असतात ते बोलून होणं. सतराव्या शतकात 'आय'वालं स्पेलिंग इंग्रजीत आलं आणि स्तुतीचा अर्थ त्यानं उचलला. 'कॉम्प्लिमेंटरी कॉपी', म्हणजे भेटप्रत, ही त्याच सौजन्याच्या घरातली, म्हणून तिथे 'आय'. भेटप्रतीवर 'ई' छापला गेला तर तिचा अर्थ होतो पूरक प्रत, आणि वाचणारा मूळ प्रत शोधत बसतो.

आता 'मेटल' घ्या. एम-ई-टी-ए-एल म्हणजे धातू. शेवटी डबल-टी-एल-ई असेल तर माणसाची कस, धमक, हिंमत. हा तर एकच शब्द होता. पूर्वी दोन्ही अर्थांना दोन्ही स्पेलिंगं सर्रास वापरत, अठराव्या शतकाच्या सुमाराला ती कायमची वेगळी झाली. धातूवरून माणसाच्या अंगच्या गुणाकडे अर्थ कसा सरकला हे मराठीत सांगायची गरजच नाही. तलवारीला पाणी देतात, आणि वेळ आली की माणसाचंही पाणी जोखलं जातं. पोलादाच्या गुणासाठीचा शब्द आपणही माणसाला लावला. तसंच पिठाचं आणि फुलाचं. इंग्रजीत पीठ म्हणजे दळलेल्या धान्याचं 'फूल', त्यातला सर्वांत बारीक, उत्तम भाग. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पीठही फुलाच्याच स्पेलिंगनं लिहिलेलं सापडतं.

'चेक'बद्दल थोडक्यात. तपासणं या अर्थी सी-एच-ई-सी-के, आणि बँकेचा ब्रिटिश स्पेलिंगनं सी-एच-ई-क्यू-यू-ई. अमेरिकेत दोन्हींना पहिलंच चालतं. दोन्हींच्या तळाशी बुद्धिबळ आहे. फारसी 'शाह' अरबी-फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'चेक' झाला: राजा धोक्यात आहे, थांब. तोच 'शाह' मराठीत 'शह' म्हणून आला. आपण शह देतो, काटशह देतो. इंग्रजांचा शह पुढे अडवणं, तपासणं असं करत पैशाच्या व्यवहारात शिरला.

'अफेक्ट' आणि 'इफेक्ट' ही जोडी सगळ्यांत जास्त छळते, आणि तिच्याबद्दल सगळ्यांत जास्त अर्धवट सल्ले दिले जातात. 'ए'वालं क्रियापद, 'ई'वालं नाम, संपलं, असं सांगतात. बहुतेक वेळा ते चालतं. पण मग कुणी तरी 'ई'वालं क्रियापद म्हणून वापरलेलं दिसतं, आणि शिकलेला नियम डळमळतो. इथे उपसर्ग बघितले की सगळं जागच्या जागी बसतं. लॅटिनमधली 'करणं' ही क्रिया दोन्हींत आहे. एकीच्या आधी 'ॲड', म्हणजे एखाद्याकडे, एखाद्यावर. दुसरीच्या आधी 'एक्स', म्हणजे बाहेर. उपसर्गाचं शेवटचं व्यंजन पुढच्या 'एफ'मध्ये मिसळलं आणि 'एफ' दुप्पट झाला. 'उत्' आणि 'चार' मिळून 'उच्चार' होतो, तीच संधी. तेव्हा 'ए'वालं म्हणजे एखाद्या गोष्टीवर काम करणं, तिला स्पर्श करणं. 'ई'वालं म्हणजे जे बाहेर येतं ते, निष्पत्ती, परिणाम. आणि 'ई'वालं क्रियापद झालं की अर्थ होतो घडवून आणणं, आत नव्हतं ते बाहेर काढणं. 'टू इफेक्ट अ चेंज' हे वाक्य 'ई'नं लिहिलं तर बदल घडवला. 'ए'नं लिहिलं तर बदल आधीच चालू होता, त्यावर आपण काहीसा प्रभाव टाकला. एखाद्या अहवालात या एका अक्षरावर कामाचं श्रेय कुणाचं हे ठरू शकतं. म्हणून मी अशा ठिकाणी स्वतः दुरुस्ती करत नाही, समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाला विचारते.

'प्रिन्सिपल'वर फार वेळ नको. ए-एल शेवटी असेल तर मुख्य: मुख्याध्यापक, मुद्दल, मुख्य कारण. एल-ई असेल तर तत्त्व. तत्त्वाचा शब्द नेहमी नामच असतो, विशेषण कधीच नाही. 'नॅशनल', 'फायनल' यांच्या ओळीत जो बसेल त्याला ए-एल. इंग्रजीत मुलांना 'मुख्याध्यापक तुमचा मित्र' असं शिकवतात, कारण शेवटच्या तीन अक्षरांत मित्राचा शब्द लपला आहे. युक्ती चालते, पण मुद्दलाला ती लागू करता येत नाही, आणि परीक्षा संपली की ती हातातून निसटते.

आता परक्यांच्या जोड्या. इथे मूळ शोधून दोघांना जोडता येत नाही, पण प्रत्येकाचे नातेवाईक शोधता येतात.

'नाइट' म्हणजे रात्र आणि 'नाइट' म्हणजे सरदार, योद्धा. दुसऱ्याच्या सुरुवातीला मुका 'के'. हा 'के' एकेकाळी मुका नव्हता. जुन्या इंग्रजीत तो शब्द साधारण 'क्निख्त' असा उच्चारत, आणि रात्र 'निख्त'. मधलं जी-एच हे त्या घशातल्या 'ख'सारख्या आवाजाची खूण आहे. जर्मनमध्ये तो आवाज आजही शाबूत आहे. संस्कृत 'नक्त' म्हणजे रात्र. दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते नक्तव्रत. 'नक्त'मधला 'क्' आणि इंग्रजी रात्रीतलं जी-एच हे मुळात एकाच आवाजाचे दोन वंशज आहेत. तेव्हा ते जी-एच निरर्थक नाही. एक आवाज गेला आणि त्याची जागा कागदावर राखून ठेवली गेली. तसंच लिहिणं या अर्थाच्या 'राइट'मधल्या सुरुवातीच्या 'डब्ल्यू'चं, तोही उच्चारला जात असे. बरोबर या अर्थाच्या 'राइट'ला तो नव्हताच कधी, तो आपल्या 'ऋजु'च्या कुळातला. दोन या अर्थाच्या 'टू'मध्ये 'डब्ल्यू' का? कारण 'ट्विन', 'ट्वाइस', 'ट्वेल्व्ह', 'बिट्वीन' या सगळ्यांत तो अजून बोलतो आहे, आणि 'द्वि'मधला आपला 'व' तोच.

हे आवाज गेले आणि अक्षरं का राहिली? विल्यम कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना घातला. छपाई वाढत गेली तसतशी स्पेलिंगं हळूहळू एका साच्यात बसत गेली. नेमक्या याच काळात, साधारण पंधराव्यापासून अठराव्या शतकापर्यंत, इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. भेटणं या अर्थाचा 'मीट' आणि मांस या अर्थाचा 'मीट' यांचे स्वर तेव्हा वेगळे होते. एकात बंद 'ए', दुसऱ्यात अधिक उघडा. म्हणून एकाला डबल ई आणि दुसऱ्याला ई-ए. समुद्र आणि पाहणं या अर्थांच्या 'सी'चंही तेच. पुढे दोन्ही स्वर सरकत 'ई'वर येऊन मिळाले. 'ग्रेट', 'ब्रेक', 'स्टेक' असे थोडे शब्द तेवढे 'ई'पर्यंत गेले नाहीत, म्हणून ते ई-ए लिहूनही निराळे ऐकू येतात.

इंग्रजीला यावरून नावं ठेवणाऱ्यांना मी आपल्याच शब्दांकडे बघायला सांगते. 'दिन' आणि 'दीन' मोठ्यानं म्हणून बघा. 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर'. रोजच्या बोलण्यात यांत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक जवळजवळ राहिलेला नाही, तो आपण डोळ्यांसाठी जपतो. उलट 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण यांतले दोन 'ज' आपला कान अचूक ओळखतो, आणि लिपी मात्र एकच अक्षर देते. कान आणि डोळा यांच्या वाटा कुठल्याच भाषेत पूर्ण जुळत नाहीत. इंग्रजी स्पेलिंग उच्चाराप्रमाणे सरळ करा ही मागणी जुनी आहे, पण मला ती पटत नाही. बरोबर, लिहिणं आणि विधी या तिन्ही अर्थांचे 'राइट' एकाच तऱ्हेनं लिहिले गेले, तर वाचणाऱ्याचं काम तिप्पट होईल. ऐकताना मागेपुढे विचारता येतं, वाचताना समोर कुणी नसतं.

'देअर'चं त्रिकूट वेगवेगळ्या वाटांनी आलेलं. 'तिथे' हा अर्थ असलेला अस्सल इंग्रजी, 'हिअर' आणि 'व्हेअर' यांच्या घरातला. तिघांतही एच-ई-आर-ई ही चार अक्षरं आहेत, तिघंही स्थळाचे. 'त्यांचा' या अर्थाचा तर इंग्रजीचा नव्हेच. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामं व्हायकिंग लोकांच्या नॉर्स भाषेतून आली. सर्वनाम उसनं घेणं ही भाषांत फार क्वचित घडणारी गोष्ट आहे. तिसरा म्हणजे 'दे आर'चं जोडरूप, त्यात वर एक स्वल्पविरामासारखी खूण असते. ती सांगते की इथलं एक अक्षर गळलं आहे. संस्कृतात 'सोऽहम्' लिहिताना अवग्रह जे काम करतो तेच ती करते. हे ध्यानात राहिलं की 'इट्स'चंही निभावतं. खूण असेल तर 'इट इज' किंवा 'इट हॅज' असं उलगडून वाचून बघायचं. वाक्य टिकलं तर खूण ठेवायची. 'हिज', 'हर्स', 'अवर्स' यांना खूण लागत नाही, तशी मालकीच्या 'इट्स'लाही नको. हा शब्द वयानं लहान आहे, सोळाव्या शतकाच्या अखेरीस आला. त्याआधी निर्जीव वस्तूंनाही 'हिज'च वापरत. पुढे दीडदोन शतकं मालकीचा 'इट्स' खूण घालूनही छापला जाई. त्यामुळे जुन्या छापील मजकुरात ती खूण दिसली तर ती चूक समजू नये, आणि उतारा देताना तर मुळीच बदलू नये.

इंग्रजी कानानं आधी शिकलेली माणसं, म्हणजे ज्यांची ती मायबोली आहे ती, 'देअर' आणि 'इट्स'मध्ये जास्त घसरतात, असा माझा अनुभव आहे. आपण ती छापील पानावरून शिकलो, म्हणून या जोड्या आपल्याला त्या मानानं सोप्या जातात. आपली अडचण वेगळीकडे आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्हींना आपण 'व' म्हणतो, त्यामुळे पश्चिम आणि बनियन यांचे शब्द आपल्याच कानाला सारखे होतात, इंग्रजीत ते सारखे नाहीत. हे घोटाळे लिहिण्यापेक्षा बोलण्यात जास्त, म्हणून इथे त्यांच्यात शिरत नाही.

कितीही कूळ माहीत असलं तरी घाईत लिहिताना हात आवाजामागेच धावतो. म्हणून शेवटच्या वाचनानंतर मी ठरावीक शब्द शोधून बघते. यात माझा सर्वांत भरवशाचा शोध एल-ई-ए-डी या चार अक्षरांचा. नेतृत्व करणं या अर्थाच्या 'लीड'चा भूतकाळ 'लेड', आणि तो तीनच अक्षरांत लिहितात, एल-ई-डी. पण वाचणं या क्रियापदाचा भूतकाळ स्पेलिंग न बदलता फक्त उच्चार बदलतो. त्या सवयीनं इथेही 'ए' तसाच ठेवला जातो. वर शिसं या धातूचं नावही 'लेड'च, आणि त्यात 'ए' असतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला आपण ओळखीचंच काहीतरी लिहिलं असं वाटतं. चांगल्या, जाणत्या लेखकांच्या मजकुरातही हे सापडतं. शोध दिला की मजकुरातले सगळे 'लीड' आणि 'लेड' एका ओळीत समोर येतात. एकेक वाक्य वाचायचं आणि क्रिया होऊन गेली आहे का ते बघायचं. होऊन गेली असेल आणि शिशाचा विषय नसेल, तर 'ए' काढायचा.